हिरवी खूण

लोकमान्य नगर. मुळ्ये मास्तरांचं न्हाणीघर.
गीझरखाली, कोपऱ्यातल्या जोडाला पाणी सुटलंय.
धार नाही. घाम म्हणा.
वरून एमसील थापलेलं, एकदा, मग पुन्हा एकदा,
आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी.
"हे ह्यांनी केलंय," बाई म्हणाल्या,
"हात चालत होते तेव्हा."
आतल्या खोलीत खाट करकरली.

बाहेरून लेप देऊन भागत नाही, बाई.
हा डिंक नव्हे.
डब्यातलं हे पिवळं दोन्हीकडचं प्लॅस्टिक क्षणभर विरघळवतं,
पाइप विसरतो आपण पाइप आहोत,
सॉकेटही विसरतं,
तेवढ्यात गाठ घालून द्यायची.
एकदा वाळलं की संपलं.
मग कापायचंच.

कापलं.
तुकडा खिडकीशी नेऊन उभा चिरला.
वाटलं, सिमेंट जुनं असेल, डब्यातच जेली झालेलं,
किंवा पाइप तिरका कापून कडेचे तूस तसेच ठेवले असतील,
किंवा ओल्यावरच ब्रश फिरवला असेल कोणी घाईत.
तसं काही नव्हतं.
सिमेंट चांगलं, चौफेर, हात राखून न लावलेलं.
पाइपच आत नव्हता पुरता.
गेला होता, नंतर मागे सरकला होता.
त्याच्यावर पेनाची खूण होती, इथवर आत जायचं म्हणून,
ती सॉकेटच्या तोंडापासून बोटभर बाहेर उभी.

हिरव्या पेनाची खूण.
सियागंजात सगळे काळं पेन घेतात.
हिरवं मी घेतो.

"कोण होता हो तो प्लंबर?" बाईंनी विचारलं.
त्यांनी घर घेतलं ते नंतर, दुसऱ्याच मालकाकडून.
"होता एक भिया," मी म्हणालो.

सॉकेट आत निमुळतं होत जातं.
पाइप शिरतो, पण मनातून नाही,
हलकेच मागे येऊ बघतो.
म्हणून दाबून धरायचा, तीस आकडे.
मी दहा-बारा धरले असतील. मोबाइल वाजला असेल.
कोणाचा, देव जाणे.

वडील लोखंडी पाइपाला आटे पाडायचे,
ताग गुंडाळायचे, सफेदा फासायचे.
त्यांची चूक त्याच संध्याकाळी ठिबकायची.
शिव्या खाऊन, नीट करून, ते जेवायला घरी.
माझी बारा वर्षं गप्प बसली भिंतीला टेकून,
रोज सकाळी गरम, मग गार, मग गरम.

व्हॉल्व्ह बंद केला तरी वरून थेंब येतच होते.
"बाई, पावाचा तुकडा आहे?"
त्यांना वाटलं मला भूक लागली. बशीत चहासकट आणला.
चहा प्यालो. पाव पाइपात कोंबला.
तो थेंब पितो, आणि मग पहिल्या धारेबरोबर नळातून निघून जातो.
कडा घासल्या, पुसल्या, खूण केली.
सिमेंट, पाव फेरा फिरवून आत,
आणि धरलं.

एक, दोन, मी मोठ्यानेच मोजत होतो.
चारला आतून आवाज आला, पाच!
मुळ्ये मास्तर पीटीचे. चाळीस वर्षं पोरांना मोजून उठवलं-बसवलं.
सहा! सात! छाती पुढे!
अकराला खिशात फोन वाजला.
बारा! मास्तर म्हणाले, फोनपेक्षा मोठ्याने.
तेरा!
तीसला मी थांबणार होतो.
एकतीस! आतून आलं.
मी हात काढला नाही.
पंचेचाळीसला त्यांना खोकला आला, तेव्हा सोडला.

"किती झाले?"
"सामानाचे एकशे दहा."
"आणि मजुरी?"
मी पेन शोधत राहिलो. पेन खिशातच होतं.
"उद्या पहाटे नर्मदा येईल, तोवर गरम नळ सोडू नका.
आणि रात्रीपुरती खाली बादली असू द्या, वाटलं तर."
बाईंनी ती केव्हाच सरकवली होती.